दहा माणसांचे कान

"बंद कर! अरे बंद कर ते, बंद!"

माझ्या दुकानासमोर, भर रस्त्यात, एक म्हातारी बाई ओरडत होती. मला वाटलं, गेला कोणाचा तरी पाय. झुडपं कापायचा ब्रश कटर माझ्या हातात, पातं गरगर फिरतंय, आवाज असा की तिकडे बल्लारशाच्या स्टेशनात लोकांनी गाडी आली म्हणून सामान उचललं असेल. मी घाईघाईने बटन दाबलं आणि आजूबाजूला पाहिलं. पाय सगळ्यांचे जागेवर होते. माझेही मोजले. दोन भरले.

"का झालं बाई?"

तिने उजवा तळहात वर धरला, डोक्यावरचा पदर डाव्या कानामागे सारला, मान जराशी कलती केली आणि म्हणाली, "थांब. आयकू दे."

मी थांबलो. बघे थांबले. चंद्रपूरच्या जटपुरा गेटची वाहतूक तशीही थांबलेलीच असते, पण त्या दिवशी ती बाईच्या तळहातामुळे थांबली, असं मी आजही गिऱ्हाइकांना सांगतो.

"आता सांग," बाई म्हणाली, "तुह्या मांगं कोन हाय?"

मी वळलो आणि माझं नाक थेट एका बैलाच्या नाकाला लागलं. बैल कसला, कोळसा खाणीतला डंपर होता तो. नव्या मशीनला घातलेला झेंडूचा हार त्याने खाल्ला होता, हारासोबत माहितीपत्रक खाल्लं होतं, आणि आता तो माझ्या शर्टाच्या कॉलरचा विचार करत होता.

"कवापासून उभा हाय हा?"

"तू मशीनीचं कवतिक सांगून राह्यलता ना, तवापासून. तीन डाव हंबरला."

बघे हसले. बैलही हसला असावा. बाई मात्र हसली नाही. माझ्या डोक्यावरच्या बोर्डाकडे बोट करून तिने विचारलं, "ते का लिहून हाय?"

"एक मशीन, दहा माणसांचं काम," मी छाती फुगवून वाचलं. हे वाक्य माझंच. बोर्डावर होतं, बिलावर होतं, विकलेल्या प्रत्येक मशीनवर पिवळ्या स्टिकरवर होतं.

"काम करत असन. मी नाई म्हनत नाई," बाई म्हणाली. "दहा मानसाचे कान कुठी हाय याले?"

एवढं बोलून ती चालती झाली. दीक्षाभूमीच्या सोहळ्याचा दिवस होता. पांढऱ्या लुगड्यांच्या त्या गर्दीत तिचं पांढरं लुगडं दोन मिनिटांत मिसळून गेलं, आणि मी बैलाच्या तोंडातून उरलेला हार ओढत बसलो.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. घ्यायचं असतं एक, विचारतात शंभर, आणि जाताना आपल्यालाच काहीतरी विकून जातात. मला वाटलं, ही पुन्हा येणार नाही. आठवड्याने आली. नाव विचारलं तर म्हणाली, "बाईच म्हन." म्हणून मीही इथे तेवढंच म्हणतो.

तिचं गाव सावलीच्या पुढे, वैनगंगेच्या अलीकडे, जंगलाला टेकलेलं. गावापासून एसटी थांबते त्या सडकेपर्यंत दीड किलोमीटरची पायवाट. शाळा सडकेच्या पलीकडे, दवाखाना सडकेच्या पलीकडे, राशन सडकेच्या पलीकडे. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना रायमुनिया. त्या झुडपाला कोणी घाणेरी म्हणतं. फुलं नाजूक, वाढ राक्षसासारखी. माणसाच्या डोक्यावरून जाते आणि आत हत्ती बसला तरी दिसत नाही. तिथे बसतं ते हत्तीपेक्षा लहान असतं, पण काम मोठं करतं. बाई त्याचं नाव घेत नसे. नुसतं "तो" म्हणायची.

"पयले दिवाळी झाली का गावचे दहा-बारा गडी मिळून वाट साफ करे," ती म्हणाली. "आता धान कापला का सारे तेलंगनात, मिरची तोडाले. वाट कोन साफ करन? मंग मशीनच पायजे."

मी दुकान मोकळं केलं. आधी नायलॉनच्या दोरीचं दाखवलं.

"दोरीनं रायमुनिया कापतो?" तिने माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मी ते स्वतःहून आत ठेवलं.

मग बॅटरीचं दाखवलं. त्याला आवाज जवळजवळ नाहीच. बाईचे डोळे चमकले. मी ते चालवलं, तिने मान कलती करून ऐकलं, रस्त्यावरच्या सायकलची घंटीसुद्धा ऐकू आली. "हे चांगलं हाय," ती म्हणाली. "किती वेळ चालते?"

"अर्धा तास. मंग चार्ज करा लागते."

"आमच्या गावात लाइन पाहुन्यासारखी येते बाबू. आली का चहा पिऊन जाते."

बॅटरीचंही आत गेलं.

त्यानंतर मी माझा हुकमाचा पत्ता काढला. पाठीवर दप्तरासारखं बांधायचं, टू स्ट्रोक, ताकद अशी की मनात आणलं तर जिवतीचा डोंगर भादरून यावा. बाईने ते माझ्याच पाठीवर बांधायला लावलं आणि चालू करायला सांगितलं. इंजिन माझ्या दोन्ही कानांच्या मधोमध. ती समोर उभी राहून काहीतरी बोलली. तिचे ओठ हललेले दिसले, शब्द नाही. मी बंद केलं.

"का म्हटलं बाई?"

"म्हटलं, आता ते पाठीवरून काढ."

मी एक पट्टा सोडला, दुसरा शर्टात अडकला, पोटावरचा खटका माझ्याच पोटाखाली दबला. मी गोलगोल फिरलो. दुकानातला नोकर मदतीला आला तर त्याचा हात अडकला. बाई शांतपणे पाहत होती.

"आतापरेंत तुले खाऊन तो पानी पिऊन आला असता," ती म्हणाली.

शेवटी निवडलं ते एका खांद्यावर अडकवायचं, फोर स्ट्रोक, आवाज त्यातल्या त्यात खर्जातला. तेही लगेच नाही. बंद करायचं बटन अंगठ्याखाली येतं का ते तिने पाहिलं. रेस सोडल्यावर पातं किती वेळ फिरत राहतं, ते श्वास मोजून पाहिलं. आणि छातीवरचा तो लाल खटका, जो ओढला की अख्खी मशीन अंगावरून गळून पडते, तो तिने किती वेळा ओढला असेल? मी लोकांना चारशे सांगतो. चाळीस तर नक्की. उघड, लाव, उघड, लाव. मुलीसाठी स्थळ पाहताना बाप पोराचे दात मोजतो, तसं चाललं होतं.

"घेऊन टाका आता," मी म्हटलं.

"पुन्हा येतो," म्हणाली आणि गेली.

तिसऱ्यांदा आली ती भर दुपारी. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. कापडी पिशवीतून तिने वहीच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि काउंटरवर ठेवलं. माझं पिवळं स्टिकर. एक कोपरा सायलेन्सरने भाजून काळा झालेला. माझ्या दुकानाचं नाव, माझा फोन नंबर, आणि खाली तेच, एक मशीन, दहा माणसांचं काम.

"हे तुहंच ना?"

"माझंच," मी खूश होऊन म्हणालो. "कुठी भेटलं?"

"माह्या पोराच्या मशीनीवर होतं."

"मंग तर तुमी जुनं गिऱ्हाईक. आधी सांगा लागत होतं बाई, चहा तरी पाजला असता. पोरगा काऊन नाई आला सोबत?"

हे मी बोललो. हसत बोललो. माणसाच्या तोंडाला कुलूप असावं असं मला आयुष्यात फारदा वाटलेलं नाही, त्या दुपारी वाटलं.

बाईने आवाज चढवला नाही की डोळ्याला पदर लावला नाही. घरातलं सामान कुठे काय ठेवलंय ते सांगावं, तसं तिने सांगितलं. सडकेच्या कडेची झुडपं काढायचा ठेका होता. ठेकेदाराकडे दहा जण जायचे. कोयते, कुऱ्हाडी, बोलणं, हसणं, बिड्या. मग ठेकेदाराने मशीन आणली आणि नऊ जण कमी केले. तिचा पोरगा राहिला. घरात सगळ्यांना बरं वाटलं, आपला राहिला.

"त्या दिवशी सांज व्हाले आली तरी मशीनीचा आवाज येऊन राह्यलता," ती म्हणाली. "मी सुनेले म्हटलं, आज लय काम करून राह्यला तुहा नवरा. मंग तीच म्हने, माय, आवाज हलून नाई राह्यला. एकाच जागेवरून येऊन राह्यला."

त्या जागी गाव गेलं तेव्हा मशीन सडकेच्या कडेला आडवी पडलेली होती, पोरगा नव्हता. चालू होती.

"खटका लावलेलाच होता," बाई म्हणाली. "पट्टा शिलाईतून फाटला. त्याले उघडाले वेळ नाई भेटला."

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, तो वाजवतच राहिला. मी काउंटरवरचं स्टिकर पाहत होतो. ते वाक्य मला एका सकाळी चहा पिता पिता सुचलं होतं आणि रंगाऱ्याला म्हटलं होतं, अक्षर मोठं काढ.

"बाई, मी..."

"रागं भराले नाई आली मी," ती म्हणाली. "पाहाले आली होती, हा दहा मानसाचं काम सांगनारा कोन हाय. बैलापेक्षा जास्त आयकू येते का त्याले." मग खुर्चीवरून उठली. "ते लाल खटक्याचं दे. दुसऱ्या दुकानातून बी भेटलं असतं. पन तुह्याकडून नेलं तर तुले याद राहीन. दर साल दिवाळी झाली का गावात यायचं. मशीन पाहायची, आमी काम कसं करतो ते बी पाहायचं."

मशीन बांधून देताना मी सोबत आवाज अडवायला कानावर लावायचे दोन जोड फुकट दिले. दुसरं काय देणार होतो? त्याच आठवड्यात मी बोर्डावरची ती ओळ रंगवून टाकली. लोकांना सांगितलं, उन्हाने उडाली. चंद्रपूरच्या उन्हावर कसलंही बालंट आणता येतं, लोक मानतात.

दिवाळीनंतर गेलो. मशीन चालवणारी कोण, तर तिची सून. सुनंदा. उंच, सडसडीत, बोलायला सासूच्या निम्मी. पायात गमबूट, डोळ्यांवर जाळी, आणि कमरेला दोर बांधलेला. दोराचं दुसरं टोक पन्नास फूट मागे बाईच्या हातात. बाई सुनेकडे पाठ करून, जंगलाकडे तोंड करून उभी. तिच्या पलीकडे गावातल्या चार बाया, कापलेलं ओढून बाजूला करणाऱ्या. मला क्षणभर वाटलं, सासूने सुनेला दावणीला बांधलंय. तसं म्हणालोही.

"बांधलंच हाय," बाई म्हणाली. "सुटली तर कुठी शोधू?"

दोराची भाषा सोपी होती. एक झटका म्हणजे मशीन बंद. दोन झटके म्हणजे खटका ओढ, मशीन टाक, दोर धरून मागे ये. दोन झटक्यांचा सराव तिने सुनेकडून अंगणात करून घेतला होता, एका श्वासात मशीन खाली पडेपर्यंत. माझ्याकडूनही करून घेतला. पहिल्या दिवशी मी सहा वेळा मेलो, असं तिने चार बायांना मोजून सांगितलं.

कानावरचा एक जोड सुनंदाने लावला होता. दुसरा बाईने खुंटीला टांगून ठेवला. मी म्हटलं, बाई, तुम्हीही लावा, मशीनजवळ दिवसभर उभ्या राहता, कानाची वाट लागेल.

"मी लावला तर कामाचा का हाय तो दोर?" ती म्हणाली आणि सुनेकडे बोट केलं. "तिचे कान मी हाय."

दर थोड्या वेळाने एक झटका. मशीन बंद. बाईचा तळहात वर. पदर कानामागे. "थांब. आयकू दे." सगळ्या जणी होत्या तशा थिजायच्या. पालापाचोळ्यातून एखादा सरडा पळाला तरी ऐकू यावा अशी शांतता. मग तळहात खाली. "चालव."

मला, खरं सांगतो, हे सगळं जरा जास्त वाटलं. जाताना मी त्या बायांना माझे वाघ सांगितले. मी आयुष्यात अकरा वाघ पाहिल्याचं चंद्रपुरात सर्वांना ठाऊक आहे. त्यातल्या एकाला मी स्कूटरचा हॉर्न वाजवून बाजूला केलं होतं. बाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यानं पाहालं का तुले एकदा तरी?"

दुसऱ्या वर्षी बाई फोनवर विचित्र बोलायला लागली. मी विचारायचो, मशीन कशी आहे, ती म्हणायची, हो, धान बरा झाला. मी म्हणायचो, तेल बदललं का, ती म्हणायची, जय भीम, ठेवतो मंग. मी मोबाइलच्या टॉवरला शिव्या द्यायचो. गावी गेलो तर सगळं तसंच होतं. दोर, झटका, तळहात. फक्त सुनंदा आता बोलताना सासूच्या अगदी समोर येऊन, तोंडासमोर तोंड आणून बोलायची. मला वाटलं, सासू-सुनेची माया वाढली.

पाहा, एवढं सगळं डोळ्यांसमोर होतं. मशीनचा एक स्क्रू ढिला असला तर मला शंभर फुटांवरून कळतो, ही फुशारकी नाही. पण हे मला कळलं नाही.

तिसऱ्या वर्षी गेलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. अर्धी वाट साफ झाली होती. मी बाईच्या बाजूला उभा राहून गप्पा मारत होतो, म्हणजे मी मारत होतो. तिने एक झटका दिला. मशीन बंद. तळहात वर.

"थांब. आयकू दे."

डावीकडे रायमुनियाच्या आत कोणीतरी खोकलं. खॉक. म्हातारा खोकतो तसं. मग जरा उंचावरून पुन्हा, खॉक, खॉक. झाडावर वानर असेल, मला वाटलं, थंडीचे दिवस आहेत.

बाईने तळहात खाली घेतला. "चालव."

सुनंदाने चालवली नाही. तिने डोळ्यांवरची जाळी वर केली, पट्ट्याचा खटका सोडून मशीन जमिनीवर ठेवली, आणि दोर गोळा करत सासूच्या समोर येऊन मोठ्याने म्हणाली, "प्लग गरम झाला माय. आज राहू दे. घरी जाऊ." चारही बाया कोयते उचलून आधीच गावाकडे वळल्या होत्या.

प्लग? माझ्या मशीनचा? तीन वर्षांत एक तक्रार नाही, आणि माझ्या देखत प्लग? मी म्हटलं, थांबा. मी गुडघ्यावर बसलो, पाना काढला, प्लग खोलून बाहेर घेतला. नवरीच्या नथीसारखा स्वच्छ.

"भाऊ, राहू द्या," सुनंदा हळू आवाजात म्हणाली.

"राहू काऊन देऊ? प्लगले काही झालं नाई, सुनंदाबाई. टकाटक हाय." मी तो बाईच्या डोळ्यांसमोर धरला, परत बसवला, आणि कोणी काही म्हणायच्या आत स्टार्टर ओढून मशीन चालू केली. पहिल्या ओढीत झाली. मी रेस दिली. पाहा म्हटलं, पाहा कशी गाते.

सुनंदाने माझ्या हातावर फटका मारून बटन दाबलं. आवाज गेला, आणि त्या शांततेत ती अगदी हळू म्हणाली, "तुमाले कान हाय का नाई भाऊ?"

मग तो आला. डावीकडच्या झुडपातून वाटेवर आला, आमच्यापासून चाळीस पावलांवर, आणि वाटेच्या मधोमध थांबला. त्याने आमच्याकडे पाहिलं. घाई नव्हती त्याला. मग उजवीकडच्या झुडपात गेला. रायमुनिया जराशी हलली आणि मिटली.

माझ्या अकरा वाघांची लांबी मी तुम्हाला फुटा-इंचात सांगू शकतो. या बाराव्याची सांगता येत नाही.  एवढंच आठवतं की त्याच्या खांद्यावरची कातडी चालताना सरकत होती आणि मी ती पाहत होतो.

बाईने त्याला पाहिलं. डोळे तिचे उत्तम होते. तो गेल्यावर तिने सुनेचं तोंड पाहिलं. मग दूर उभ्या असलेल्या चार बाया पाहिल्या, ज्या आधीच निघाल्या होत्या. मग मला विचारलं, "प्लग चांगला हाय?"

मी मान हलवली. खोटं बोलण्यात माझा हात चंद्रपुरात कोणी धरणार नाही, आणि नेमक्या त्या वेळी मला एक साधं खोटं सुचलं नाही.

"वान्नेर बोंबलला होता?" तिने सुनेला विचारलं. तो दिसला की वानर तसं खोकतं, हे मला तेव्हा कळलं.

सुनंदाने मशीन उचलून खांद्यावर घेतली.

"किती डाव गरम झाला तुहा प्लग? आजवर?"

  बाईने दोर कोपरावर घेऊन नीट गुंडाळला, एकेक वेढा सारखा करत, आणि तो सुनेच्या हातात दिला. घरी जाताना ती आमच्यामध्ये चालत होती, पुढे दोघी, मागे दोघी, आणि वाटेत कोणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही, आणि याला साक्षीदार आहेत.

निघताना मी तिच्यासमोर उभा राहिलो. तिने माझ्या ओठांकडे पाहिलं. मी काहीच बोललो नाही, म्हणून तिला वाचायला काही मिळालं नाही.

"पुढल्या साली येजो," ती म्हणाली.

ती वाटेवर पुन्हा गेली नाही. उन्हाळ्याच्या शेवटी तापाने गेली, घरात, खाटेवर. मला कळलं ते दिवाळीच्या आधी, सुनंदाचा फोन आला तेव्हा. मशीनचं पातं बोथट झालंय, येताना नवं आणा, एवढं सांगायला तिने फोन केला होता. बाईचं मीच विचारलं, तेव्हा सांगितलं.

गेलो. खुंटीवर कानाचा दुसरा जोड तसाच, प्लास्टिकच्या पिशवीतसुद्धा तसाच. वाटेवर काम चाललं होतं. मशीन थांबली की पाचही जणी माना कलत्या करून उभ्या राहत होत्या. कोणी हात वर करत नव्हतं, कोणी काही म्हणत नव्हतं. सुनंदाच्या कमरेचा दोर आता त्या चौघींतल्या एकीच्या हातात होता.

मी पातं बदललं. बदलायला दहा मिनिटं लागतात, मी अर्धा तास लावला. नट पुन्हा पुन्हा आवळला. वर्षभर पोटात होतं ते शेवटी तोंडातून आलंच.

"सुनंदाबाई, त्या दिवशी मी प्लग खोलला नसता तर..."

"खोलला ना," ती म्हणाली.

"तिले आयकू येत नाई, हे तुमाले कवापासून माईत होतं?"

"दोन साल."

"साऱ्याजनींले?"

"साऱ्याजनींले. तिले आयकू येनं कमी झालं, तशा आमी आयकाले लागलो."

मी तिच्याकडे पाहत राहिलो. जंगलाच्या तोंडाशी, कमरेला दोर बांधून, दुसरं टोक एका बहिऱ्या म्हातारीच्या हातात देऊन ही बाई दोन वर्षं मशीन चालवत होती. "मंग दोर तिच्याच हाती काऊन ठेवला?" मी विचारलं. "एवढी जोखीम?"

सुनंदाने पट्टा खांद्यावर घेतला, लाल खटका एकदा उघडून पुन्हा लावला, आणि कमरेच्या गाठीला हात लावून पाहिला.

"तिच्या पोराच्या कमरेले दोर नव्हता," ती म्हणाली.